बासष्टचे चौसष्ट

बाबांच्या पांढऱ्या झिगुलीला आमच्या डोंगरात
सगळे 'दमडी' म्हणत, सगळ्यात पहिलं मॉडेल म्हणून.
त्या हिवाळ्यात तिचा मागचा ॲक्सल रडायला लागला.
साठच्या पुढे काटा गेला की असा हेल काढी
की आई मागच्या सीटवर कानांत बोटं घालून बसे.

जुंबेरकाकाकडे त्यानंतरची होती, लांब पाठीची.
तिच्यातून अर्ध्या गावाचं चीज गेलं, शाळेची बाकं गेली,
एकदा एक शवपेटी, मागचं दार दोरीनं बांधून.
आता तिच्यात अकरा कोंबड्या राहत.
पत्रा गेलेला, काचांच्या जागी जाळी,
पण खाली ॲक्सल शाबूत. ओझ्याचा, हळू चालीचा.
लहान चक्राला नऊ दात, मोठ्याला चाळीस.
आमच्यात दहा आणि त्रेचाळीस.

बाबा आणि काका एका अक्रोडाच्या झाडावरून
नऊ वर्षं बोलत नव्हते.
निरोप मी नेला.
काका कणसं सोलत म्हणाला, "ने म्हणावं.
पण तुमचा काढलेला मला हवा.
कोंबड्यांना चाकांवर झोपायची सवय आहे."

मग दोन दिवस दोन गाड्या नासपतीखाली
ओंडक्यांवर पाय वर करून.
एका बाजूचा ड्रम निघेना.
काकानं डिझेल सोडलं, बाबांनी घण घातला,
पुन्हा डिझेल, पुन्हा घण, पुन्हा दोघांची शांतता.
निघाला तेव्हा आतलं लायनिंग शिळ्या मक्याच्या भाकरीसारखं
हातात चुरलं, आणि त्यातून एक पीस उडालं.
ते आत कसं गेलं, कुणी विचारलं नाही.
दिवसभर कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.
"तेरा नंबर" एवढं हवेत म्हणायचं,
की पाना हातात येई.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायला मला पेडलवर बसवलं.
काका चाकाशी, बाबा मुरंब्याची बरणी धरून.
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
नळीतून बुडबुडे, मग थोडे बुडबुडे,
मग नुसतं ऑइल, उन्हात काकवीसारखं.
"संपली?" बाबांनी विचारलं.
"संपली," काका म्हणाला.
हवेबद्दलच बोलत असावेत.

आमचा रडका ॲक्सल कोंबड्यांखाली गेला
आणि तिथे जन्मभर गप्प राहिला.
दमडी चढाला लागली ती खेचरासारखी,
अक्रोडाची सहा पोती घेऊन, न कुरकुरता.

फक्त मीटरला कुणी काही सांगितलं नव्हतं.
तो अजून जुन्याच दातांनी मोजत होता.
कुताइसी आमच्यापासून बासष्ट किलोमीटर,
आजोबांच्या काळापासून बासष्ट.
आता चौसष्ट.
बाबा शेजाऱ्यांना बाजारात न्यायचे, भाडं किलोमीटरवर.
त्सिआलाबाईंनी तिसऱ्याच फेरीला पकडलं:
"कार्लो, नदी लांब झाली की तू?"
काकानं आपल्या गिअरबॉक्समधलं छोटं चक्र काढून पाठवलं,
आकडा सुधारायला.
चिंधीत गुंडाळलेलं ते अजून आमच्या खिळ्यांच्या डब्यात आहे.

मी कुताइसीत शिकवते. शनिवारी बाबा घ्यायला येतात,
आणि मी त्या वाढीव दोन किलोमीटरांवर डोळा ठेवून बसते.
बोगद्यात नाहीत. पुलावर नाहीत.
गावाच्या अलीकडे काकाच्या कुंपणाचं वळण आहे.
तसं काही अवघड नाही, ट्रकसुद्धा तिथे वेगात जातात.
बाबा तिथे पाय ठेवतात, थोडासा.
मागचे ड्रम धरतात, काकाचे.
जाळीमागे एखादी कोंबडी मान वर करते,
आणि आम्ही इतके हळू होतो
की काटा शून्याला टेकतो की काय असं वाटतं.
मग बाबा दुसरा गिअर टाकतात.
"मीटर बघत बसू नकोस," म्हणतात, "तो खोटारडा आहे."